बारवेची कहाणी कोण सांगणार

उमरगेकर सरांचा कुठं सत्कार असला की मला आमंत्रण येतं, आणि मी जात नाही. लोक म्हणतात, नीलाबाईंचा स्वभाव फटकळ. आहेच फटकळ. फटकळ माणूस जे काय आहे ते तोंडावर बोलतं. गोड बोलणाऱ्यांनी काय केलं ते मी या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मला गोडाचं कौतुक कुणी सांगू नये.

त्रेसष्ट सालची गोष्ट. निजाम गेला, आपण महाराष्ट्रात आलो आणि जिल्ह्याच्या गावी कॉलेज निघालं. पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात डोकं भाजायचं, पावसाळ्यात सरांचं एक अक्षर ऐकू यायचं नाही. बी.ए.ला मुली म्हणजे बोटावर मोजण्याइतक्या. त्यातल्या आम्ही दोघी कळंबच्या. मी मास्तरांची, शिवगंगा आडत्याची. राहायला माझ्या मावशीकडं, एका खोलीत. शिवगंगाच्या घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीत तिचं तोंड सारखंच चालायचं. भाजीवालीशी घासाघीस करायची तर तीही ऐकत राहावी अशी करायची.

तिचं लग्न ठरलेलं होतं. नळदुर्गाच्या खालच्या अंगाला, कर्नाटकाच्या शिवेजवळ एक गाव आहे. नाव सांगत नाही, उगीच कज्जे नकोत. त्या गावातलं मोठं लिंगायत घर, मुलगा सिद्धेश्वर, शेती आणि किराणा सांभाळणारा. घरची कर्ती बाई म्हणजे त्याची आई रुद्रम्मा. नवरा वारल्यावर तिनंच सगळं हाकलं. तिनं घराण्याच्या अय्यांसमोर, म्हणजे त्यांच्या जंगम गुरूंसमोर, शब्द दिला होता की पोरगी बी.ए.ची परीक्षा देईल, मगच अक्षता पडतील, आणि पुढं नोकरी करायची म्हणाली तर करेल. कळंबला मुलींची शाळा निघत होती. हेडमास्तर म्हणाले होते, तू पास हो, खुर्ची तुझी. शिवगंगा त्या खुर्चीची स्वप्नं बघायची. मी चिडवायची, "नवऱ्यापेक्षा खुर्चीच जास्त आवडलेली दिसती." ती म्हणायची, "खुर्ची उलटून बोलत न्हाय."

आणि तिचा होणारा दीर ईरण्णा आमच्याच वर्गात, मागच्या बाकावर.

आता उमरगेकर सर. आडनाव इकडचं, पण शिक्षण हैदराबादेत. उंच, गोरे, खांद्यावर उपरणं. दैवतकथा शिकवायला त्यांच्यासारखा माणूस नाही, हे मीही कबूल करते. ते म्हणायचे, कथा वाचून कळत नसते, सांगून कळते. म्हणून त्यांनी वर्गात दोन फेऱ्या लावल्या. पहिल्या फेरीत ज्यानं त्यानं आपल्या गावच्या देवाची कथा सांगायची, जशी घरी ऐकली तशी. दुसऱ्या फेरीत कथांची अदलाबदल. दुसऱ्याची कथा घ्यायची, आणि त्या कथेत जो बोलत नाही त्याच्या तोंडून ती सांगायची. वर्गातल्या बलभीमनं त्याच्या गावच्या म्हसोबाची सांगितली होती, ती दुसऱ्या फेरीत एकानं बोकडाच्या तोंडून सांगितली. हसून हसून मुरकुंडी वळली. बोकड म्हणतो, नवस तुमचा, पोरगा तुमचा, मान तेवढी माझी का?

पहिल्या फेरीत ईरण्णा छाती काढून उभा राहिला होता. त्याच्या घराची कथा बारवेची. सात पिढ्यांमागं त्यांच्या पूर्वजानं गावासाठी बारव खोदली, पायऱ्या बांधल्या, पण पाणी लागेना. देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, थोरली सून दे. सुनेला विचारलं, ती हसली. नवं लुगडं नेसून, मळवट भरून, एकेक पायरी हसत उतरली. घोट्याला पाणी आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, आणि डोक्यावरून गेलं. तेव्हापासून बारव आटलेली नाही, आणि गावात पहिला मान त्यांच्या घराचा. घरात नवी सून आली की पहिल्या सोमवारी तिला बारवेत उतरवतात. घरची एक म्हातारी कहाणी सांगते आणि सुनेनं पाण्यात उभं राहून वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा, व्हय म्हणायचं. ईरण्णा म्हणाला, आमच्या घरातल्या सगळ्या बायका व्हय म्हणालेल्या आहेत.

दुसऱ्या फेरीला सरांनी ही कथा शिवगंगाला दिली.

ती त्या घरची होणारी सून आहे हे सरांना माहीत होतं. सगळ्या वर्गाला माहीत होतं. सर हसले आणि म्हणाले, "बघू या, नव्या सुनेला काय वाटतं." पोरं खिदळली. विंचवाच्या बिळावर दुसऱ्याचं बोट ठेवायचं आणि आपण बाजूला उभं राहून गंमत बघायची, अशी ती विद्वत्ता.

शिवगंगा नाही म्हणू शकली असती. पण गोष्ट म्हटली की तिला राहवायचं नाही. ती फळ्यापुढं उभी राहिली, पदर सारखा केला आणि सून होऊन बोलायला लागली. म्हणाली, त्या दिवशी सकाळी सासूनं पहिल्यांदा माझ्या डोक्याला तेल लावलं. मला वाटलं, पोर होत नाही म्हणून धरलेला राग गेला. मला कुणी काही विचारलं नाही. ओटी भरायला चल म्हणाले, मी चालले. नवरा बैल बघायला बाजाराला गेला होता. घोट्याला पाणी आलं तेव्हा मी म्हणाले, गार आहे. गुडघ्याला आलं तेव्हा वर बघितलं आणि हात मागितला. वर हलगी वाजत होती. मी हाक मारली तशी हलगी जोरात झाली. मी पुन्हा मारली, ती आणखी जोरात झाली. आता म्हणतात मी हसत होते. माझं तोंड पाण्याखाली होतं, बघितलं कुणी?

वर्ग गार पडला. ईरण्णा उठून म्हणाला, "खोटं हाय हे." सर म्हणाले, "कथेत खरंखोटं नसतं ईरण्णा, बस खाली." आणि शिवगंगाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ही माझ्या आजवरच्या शिकवण्याची कमाई.

तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण कमाई म्हटली की माणसाला ती चार लोकांत दाखवावीशी वाटते. संक्रांतीनंतरच्या गॅदरिंगला सरांनी तिला तीच कथा स्टेजवर सांगायला लावली. मी म्हणाले, "गंगे, नको. ईरण्णाचं तोंड बघितलंस का?" ती म्हणाली, "सरच म्हणतेत न्हवं, कथेत खरंखोटं नसतं." शिकलेल्या माणसाचं वाक्य तिनं खरं मानलं. ईरण्णानं आईला गावाहून आणून बायकांत पुढं बसवलं होतं.

मला वाटलं, आता ही बाई थयथयाट करणार, सोयरीक मोडणार. मोडली असती तर मी कळंबात पेढे वाटले असते. रुद्रम्मा शेवटपर्यंत बसली. मग उठून आली, शिवगंगाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. म्हणाली, "लई गुणाची हाय गं माझी गंगव्वा. असलं तोंड आमच्या घरात कुणालाच न्हाय." आणि कळंबला जाऊन तिच्या बापाला सांगितलं की फाल्गुनात मुहूर्त चांगला आहे, लग्न उरकून घेऊ. परीक्षा चैत्रात, तेव्हा पोरगी आमच्या घरून जाईल. शब्द म्हणजे शब्द. आडत्याला मुलीच्या सासूचं एवढं प्रेम बघून भरून आलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं त्याचं झालं.

लग्न झालं. शिवगंगाला सख्खी बहीण नव्हती, म्हणून पाठराखीण म्हणून मी तिच्याबरोबर सासरी गेले. ट्रंकेत पुस्तकं होती. ओसरीच्या कोपऱ्यात एक वाळून काटकी झालेली म्हातारी बसलेली असायची, तिला सगळे अज्जी म्हणायचे. आजवर बारवेची कहाणी सांगत आली ती हीच. आता तिचा आवाज बसला होता, नुसती हवा निघायची. घरातली मोलकरीण मला म्हणाली, अज्जी तरणीताठी होती तेव्हापासून गावाची शीव ओलांडून गेलेली नाही, भाऊ मेला तरी माहेरी गेली नाही. मला वाटलं, असेल म्हातारी हट्टी. असतात अशी माणसं.

पहिला सोमवार आला. बारव खोल, काळ्या दगडाची, भर उन्हाळ्यातही पाण्यानं भरलेली. काठावर सगळा गाव. शिवगंगाला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. गुडघ्याएवढ्या पाण्यात ती उभी राहिली. मी तिच्या वरच्या पायरीवर. रुद्रम्मा माझ्या शेजारी. हलगी थांबली.

रुद्रम्मा म्हणाली, "अज्जीचा आवाज गेलाय. गंगव्वा, तूच सांग कहाणी. हुंकार गावच्या बायका देतील."

शिवगंगानं वर बघितलं. "कुठली, अव्वा?"

"आपल्या घरात एकच हाय." मग रुद्रम्मा खाली वाकली आणि फक्त आम्हा दोघींना ऐकू जाईल अशी बोलली, "नीट सांगितलीस तर परवाच्या यष्टीनं परीक्षंला जा. सिद्धू पोचवून यील. न्हायतर सांग तुझी ती कालिजातली, समदा गाव ऐकतोय."

गाव ऐकत होता. दगड हातात नव्हते एवढंच. शिवगंगानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. कसली हलवली ते मलाच ठाऊक नाही, परीक्षा तेवढी डोळ्यांपुढं होती. आणि ती सांगायला लागली.

सांगितली ती अशी की तसं सांगणं मी पुन्हा ऐकलं नाही. सुनेला विचारलं, सून हसली. वर बायका म्हणाल्या, व्हय. सासूचा पदर धरून म्हणाली, अव्वा, माझ्यामागं कुणी रडू नका, पाण्याला खार येईल. बायका म्हणाल्या, व्हय. कमरेला पाणी आल्यावर तिनं वर बघून विचारलं, गावाला एवढं पुरेल ना? हे कुठल्याच जुन्या कहाणीत नव्हतं, तिनं तिथल्या तिथं घातलं. काठावरचे बाप्ये पंच्यानं डोळे पुसायला लागले. ईरण्णाही रडला. शेवटचं व्हय झाल्यावर बायका धावत पायऱ्या उतरून आल्या आणि त्या पोरीच्या पायावर डोकं ठेवायला लागल्या. तिच्या तोंडावर मला आनंद दिसला, खोटं कशाला सांगू? चांगलं सांगितल्याचा आनंद होता तो.

दुसऱ्या दिवशी ती ट्रंक भरायला बसली. रुद्रम्मा दारात आली, हातात वाटीभर शेंगदाण्याचे लाडू.

"हे कुठं निघालीस?"

"परीक्षंला. तुम्हीच म्हणालात न्हवं?"

"म्या कुठं न्हाय म्हणती? जा की. पण एकदा अज्जीला इचार." आणि अज्जीकडं बघून म्हणाली, "अज्जी, कहाणी सांगणारी शीव वलांडती का?"

म्हातारीनं नाही म्हणून मान हलवली. आवाज नव्हता, पण मान एवढी हलवली की कानातली कर्णफुलं वाजली.

रुद्रम्मानं लाडू ट्रंकेच्या झाकणावर ठेवले. "जिनं बारवेत उभं राहून कहाणी सांगितली ती गावाची झाली. ती शिवंबाहेर गेली तर पाणी तिच्या मागं जातं. पिढ्यान्‌पिढ्या असंच हाय. मी अडवत न्हाय बाई. गाव अडवंल. तू गेलीस आणि उद्या पाणी इतभर खाली गेलं तर तुझ्या बापाच्या दाराला लोक जातील, माझ्या न्हाय."

"हे मला कुणी सांगितलं न्हाय," शिवगंगा म्हणाली.

"तू तरी कुठं इचारलंस? कहाणी सांगायला मिळती म्हटल्यावर तुला दम निघत न्हाय, हे म्या तुमच्या कालिजातच बघितलं."

माझं टाळकं फिरलं. मी त्या बाईला वाटेल ते बोलले. तुम्ही शब्द दिला होता, अय्यांसमोर दिला होता, तुम्हाला लाज कशी नाही. ती शांतपणे ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "लेकी, तुझा स्वयंपाक टाकलाय, जेवून जा." सिद्धेश्वर अंगणात उभा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. मी त्याला हाक मारली तर म्हणाला, रानात मोट लावायचीय, आणि गेला. शिवगंगा रडलीसुद्धा नाही. ट्रंकेतली पुस्तकं बाहेर काढून तिनं ती माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, तुला लागतील.

मी परत आले ती थेट सरांच्या दारात. म्हटलं, हे तुमचं करणं आहे, तुम्ही चला, त्या बाईला सांगा, पोरीची परीक्षा बुडतेय. सरांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच थांबवलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"सांगणारीनं शीव ओलांडायची नाही? पाणी तिच्या मागं जातं? नीला, हे अजून कुणाच्याच हाताला लागलेलं नाही गं. मला हा विधी बघितलाच पाहिजे."

"सर, मी शिवगंगाचं बोलतेय."

"मीही तिचंच बोलतोय," सर म्हणाले.

परीक्षा झाली. मी पास झाले. कळंबच्या शाळेतली खुर्ची मला मिळाली, कारण कुणीतरी त्या खुर्चीवर बसणारच होतं. मी बसले. पण शिवगंगाला तिथून काढायचं हे डोक्यातून गेलं नव्हतं. पुढच्या वर्षी ईरण्णाचं लग्न निघालं, आणि त्याच्या बायकोचा बारवेचा सोमवार बघायला सर नव्या वर्गाला घेऊन निघाले. भाड्याची मोटार केली होती. मीही चढले. मोटार होती, दिवसाउजेडी जाणं-येणं होतं, बरोबर चार शिकलेली माणसं होती. बाहेरून परीक्षा देता येते, फॉर्म मी स्वतः भरला असता. मावशीची खोली रिकामीच होती.

शिवगंगा मला परसात भेटली. अंगानं भरली होती, डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू. अज्जी वारली होती. बायका वाटेत तिला वाकून नमस्कार करत होत्या. मी तिचा हात धरला.

"गंगे, मोटार उभी आहे. बसायचं आणि निघायचं. शीव म्हणजे काय भिंत आहे का? पाणीबिणी काही जात नाही, तुलाही माहीत आहे."

"माझ्या खुर्चीवर तू बसतीस न्हवं?"

"हो. येऊन घे. आजच्या आज सोडते."

"तिथं पोरी तुझ्या पाया पडतेत का?" तिनं विचारलं. "हितं पडतेत. सासू ताट वाढून देती मला, आधी मी जेवती, मग ती. कहाणी कोण सांगणार, मी गेल्यावर? ती पोरगी?" ईरण्णाच्या बायकोकडं तिनं हनुवटीनं दाखवलं. सोळा वर्षांची पोर, अंगणात हिरव्या लुगड्यात घामाघूम होऊन बसलेली. "तिला धड बोलाय येत न्हाय."

मला तिचा राग आला. रुद्रम्मावर आला नव्हता असा आला. मी तिचा हात सोडून दिला.

बारवेवर गाव जमला. सरांनी मुलांना चांगल्या जागा धरून दिल्या. नवी पोर गुडघ्याएवढ्या पाण्यात, शिवगंगा तिच्या वरच्या पायरीवर, रुद्रम्मा मागं पानाचा डबा घेऊन बसलेली. कहाणी सुरू होण्याआधी सर पुढं झाले.

"शिवगंगा, मुलांसाठी विचारतो. मूळ कथेत ती राजीखुशीनं गेली ना?"

"हसत गेली, सर."

"आणि तू वर्गात सांगितली होतीस ती?"

"ती म्या बनवली होती. त्याचं पाप फेडतीय."

सर मुलांकडं वळले. म्हणाले, "ऐकलंत? पुस्तकी डोकं कल्पना करतं. लोक खरं जपतात. हा फरक कायम ध्यानात ठेवा." मुलं माना डोलवत होती. ज्या तोंडाला सरांनी आपली कमाई म्हटलं होतं, त्याच तोंडाला त्यांनी आता पुस्तकी ठरवलं, आणि त्यांच्या कपाळावर एक आठी पडली नाही.

कहाणी सुरू झाली. बारव खोदली. पोर म्हणाली, व्हय. पाणी लागेना. व्हय. देवी स्वप्नात आली. व्हय. सुनेला विचारलं, सून हसली.

पोर बोलेना. ती पाण्याकडं बघत होती. काठावर कुजबुज झाली. रुद्रम्मानं पान चघळायचं थांबवलं.

शिवगंगानं वाक्य पुन्हा म्हटलं, सून हसली. पोरीनं मान वर केली आणि म्हणाली, "अक्का, मला भ्या वाटतंय. वर घ्या."

तिनं हात पुढं केला होता. शिवगंगानं तो हात धरला नाही. तिनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, हलगीवाल्याकडं बघितलं, आणि तो वाजवायला लागला. मग तिनं पोरीला एक पायरी खाली दाबलं. पाणी कमरेला आलं.

"व्हय म्हण," शिवगंगा म्हणाली.

माझ्या शेजारी सर मुलांना हळू आवाजात सांगत होते की हलगी नेमकी कुठं वाजते तिकडं लक्ष द्या. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, हलगीत माझं मलाच ऐकू आलं नाही. पोर व्हय म्हणाली. शिवगंगानं तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही आणि पुढचं वाक्य सांगायला घेतलं.